बारावं नाव

कडूबानं कागदावर अंगठा उठवला आणि त्याच शाईच्या अंगठ्यानं पुढ्यातलं भरलं ताट दूर सारलं. अंबाडीची भाजी होती, गरम भाकरी होती, थोरली लेक दोन महिन्यांनी घरी आली म्हणून चांगुणाबाईनं आठवणीनं कुटलेली तिळाची चटणी होती... आणि त्यातल्या एका घासालाही न शिवता घरधनी उठला! ताटाच्या काठावर अंगठ्याचा जांभळा डाग तेवढा राहिला.

“घे! दिला अंगठा. पर ध्यानात ठेव बेबी, ह्ये कर्ज आता तुझं. एक पैसा जरी मागायला कुनी माझ्या दारात आलं, तर मी वळखणार न्हाई तुला. अन् आजपासून मला आबा म्हनू नकू!”

बेबीनंदानं कागद छातीशी घट्ट धरला. चोवीस वर्षांची ती पोर. केदारखेड्याच्या पलीकडच्या एका वाडीत सरकारी नर्सबाई म्हणून एकटी राहणारी, चिखल तुडवत बाळंतिणीच्या हाकेला धावणारी, साप चावलेला माणूस समोर आणून टाकला तरी जिचा हात कापत नसे, तिला त्या क्षणी बापाकडं बघवेना. दाराआड धाकटी शिवकन्या ओढणी तोंडात कोंबून रडत होती. ज्या दोन कागदांवरून घरात हे रामायण घडलं होतं, ते दोन्ही तिच्याच नावानं आले होते.

शिवकन्या त्या साली, म्हणजे शहात्तरच्या उन्हाळ्यात, जालन्याच्या कॉलेजातून मॅट्रिकच्या पुढची पी.यू.सी. झाली होती आणि तिलाही अक्कासारखं नर्स व्हायचं होतं. पहिला कागद औरंगाबादहून आलेला. सरकारी दवाखान्यात साडेतीन वर्षांचं शिक्षण. फी नाही, राहणं-जेवण फुकट, वर महिन्याला पंचाहत्तर रुपये विद्यावेतन. दुसरा कागद मुंबईच्या एका कॉलेजचा. तिथं चार वर्षांनी नर्सिंगची पदवी मिळणार होती. पण फी भरायची, खाणावळ भरायची, आणि त्यासाठी सरकार जो पैसा देणार तो कर्जाऊ, नोकरी लागली की हप्त्यानं फेडायचा. साडेचार हजार रुपये! परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सव्वीस वर्षं धान्य मोजणारा मापाडी म्हणून राबलेल्या कडूबानं तेवढी पोती रोज पाहिली असतील, रुपये कधी पाहिले नव्हते.

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मापात त्याला फसवणारा माणूस मोंढ्यात जन्मला नव्हता. म्हणून त्या सकाळी बेबीनंदानं त्याच्याच रीतीनं त्याला समजवायचं ठरवलं. ज्वारीचं सूप पुढ्यात ओढून ती म्हणाली होती, “ह्ये बघा आबा, एक मूठ म्हणजे हजार रुपये. औरंगाबादचं शिकली तर साडेतीन वर्षांत नोकरी, अन् वर्षाला चार मुठी पगार. मुंबईचं शिकली तर नोकरी सहा महिने उशिरा, डोक्यावर साडेचार मुठींचं कर्ज. पर पगार वर्षाला सव्वापाच मुठींच्या वर!”

कडूबानं तिचा हात बाजूला केला आणि तो स्वतः मोजायला बसला. मोंढ्याच्या रिवाजानं पहिल्या मुठीला तो ‘एक’ म्हणाला नाही, ‘लाभ’ म्हणाला. लाभ... दोन... तीन... दोन ढीग वाढत गेले, एका ढिगातून कर्जाच्या मुठी मागं निघत गेल्या. नोकरीच्या पाचव्या वर्षाला दोन्ही ढीग सारखे झाले तेव्हा त्यानं हात झटकले.

“म्हंजी आजपासून नऊ वर्सांनी नुसती बराबरी! नऊ वर्सं पोरगी बिनलग्नाची बसल का? मंग पगार जायचा सासरी, अन् वसुलीवाला यायचा माझ्या दारी. फुकट भेटून राह्यलंय ते सोडून कर्जाचं शिकायचं... येडी झाली का तू?”

“अन् नऊ वर्षांनंतर, आबा? पुढं पंचवीस वर्षं नोकरी हाये तिची. तो ढीग मोजा की!”

“जे डोळ्यापुढं न्हाई, ते मी मोजत न्हाई.”

हिशेबात तो चुकत नव्हता, हेच तर दुःख होतं! बेबीनंदाला जे सांगायचं होतं ते ज्वारीत मोजता येण्यासारखंच नव्हतं. दोन वर्षांचा छोटा कोर्स करून ती नोकरीला लागली होती, आणि त्या दोन वर्षांनी आपल्याला कुठं नेऊन बसवलंय हे तिला रोज दिसत होतं. कालपरवा आलेली, वयानं तिच्याहून लहान पोरगी पदवीच्या जोरावर खुर्चीत बसून हुकूम सोडी, आणि दोनशे बाळंतपणं एकटीनं निभावलेली बेबीनंदा ‘हो ताई’ म्हणून मान खाली घाली. जन्मभर हेच... पगार दोनशे साठ, आणि वर चढायला पायरीच नाही!

“हा नुसता पैशाचा सवाल न्हाई, आबा. थोडक्यात शिकलेली बाई थोडक्यातच राहते...”

“काहून? तू न्हाई का शिकली दोन वर्सांत? तुझं काय अडलं?”

तुझं काय अडलं!... बापानं सहज विचारलेला तो प्रश्न तिच्या काळजात खोल रुतला. एकोणसत्तर साली मॅट्रिकला तालुक्यातल्या मुलींत पहिली आलेल्या बेबीनंदाला ह्याच औरंगाबादच्या साडेतीन वर्षांच्या शिक्षणाचं बोलावणं आलं होतं. पण त्याच महिन्यात कडूबा विषमज्वरानं अंथरुणाला खिळला, चांगुणाबाई लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागली, आणि सतरा वर्षांच्या पोरीनं लवकर पगार देणारा छोटा कोर्स मुकाट्यानं धरून घरी सांगितलं, ‘मोठ्या शिक्षणाला माझा नंबर लागला न्हाई.’ आजारी बापाच्या जिवाला लागू नये म्हणून गिळलेलं ते दुःख सात वर्षं तिच्या अंतःकरणात जसंच्या तसं होतं. त्या सकाळी ते ओठांपर्यंत आलं, आणि तिनं ते पुन्हा गिळलं. सांगितलं असतं तर कदाचित ताट सरकलं नसतं! पण केलेलं बोलून दाखवणं तिच्या रक्तातच नव्हतं.

“कर्जाला सरकारी नोकरीतला जामीन लागतो,” एवढंच ती म्हणाली. “तो मी राहते. तुम्ही फक्त अंगठा द्या.”

आणि कडूबानं अंगठा दिला, तो असा!

शिवकन्या मुंबईला गेली. कर्जाचा पहिला हप्ता ऑगस्टात येणार होता, मग म्हणाले सप्टेंबरात, मग कुणी काही म्हणेनासंच झालं. सरकारचा पैसा तो, वसुलीला जेवढा चपळ तेवढा द्यायला आळशी! तोवर बेबीनंदा महिन्याला दीडशे रुपये मुंबईला धाडी आणि पन्नास परतूरला. परतूरची मनीऑर्डर मात्र जशी जाई तशी परत येई. फॉर्मवर पोस्टमननं लिहिलेलं असे, ‘घेण्यास नकार’. ते शब्द वाचताना तिला बापाचा आवाज ऐकू येई, आणि ती ते पन्नास रुपये डब्यात टाकून पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवी. दोघंही एकमेकांना सारखीच होती, हट्टाच्या बाबतीत बाप कोण आणि लेक कोण हे कुणी सांगू शकलं नसतं.

अशात वरून तो हुकूम आला. आणीबाणीचं साल होतं. साहेबानं सगळ्या नर्सबायांना एका रांगेत उभं करून सांगितलं, नोव्हेंबर संपेपर्यंत प्रत्येकीनं नसबंदीच्या बारा केसेस आणायच्या. बारा पुरल्याशिवाय पगार निघणार नाही. सप्टेंबरचा पगार अडला. ऑक्टोबरचा अडला. डब्यातले परत आलेले पन्नास-पन्नास रुपये मुंबईला गेले आणि डबाही रिकामा झाला.

ती दारोदार फिरली. ज्या घरांत तिनं बाळाची नाळ कापली होती, त्या घरांत ती आता बाळाच्या बापाशी बोलायला जाऊ लागली. पांढरी साडी लांबून दिसली की गडी तुरीत शिरत! बाया दार लोटून घेत. काल जिला ‘माय’ म्हणत होते, तिला आज ‘कापणारीण’ म्हणू लागले. ती समजावून सांगे, आठ दिवसांत माणूस कामाला लागतो, ताकद जात नाही, काही होत नाही. लोक ऐकून घेत आणि थेट परतूरच्या मोंढ्यातल्या हमालाची, सोनाजीची गोष्ट सांगत. त्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला पोतं उचलेना. सोनाजीला आधीपासून दमा होता, हे कोण ऐकून घेतो! तरी दोन महिन्यांत, अर्ध्या भाकरीवर दिवस काढत, तिनं अकरा माणसं तयार केली. राजीखुशीनं तयार केली, एकालाही दमात घेतलं नाही. अकरा! एक कमी.

आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शिवकन्येचं पत्र आलं.

‘अक्का, पाच डिसेंबरपर्यंत फी आणि खाणावळीचे मिळून तीनशे दहा रुपये भरले नाहीत तर नाव कमी करणार आहेत. दोन महिने झाले तुझे पुरते पैसे आले नाहीत. माझ्या बरोबरीच्या मुली औरंगाबादला फुकट शिकत आहेत, वर घरी पैसे पाठवत आहेत. मी मात्र इथं खाणावळीच्या बाईसमोर तोंड लपवते. आबा बरोबर बोलत होते. तुला जे जमलं नाही ते माझ्याकडून करून घ्यायची तुझी हौस होती, आणि त्या हौसेपायी तू माझं वाटोळं केलंस. आता नाव कमी झालं तर औरंगाबादही गेलं आणि मुंबईही गेली. मी घरी येऊन काय तोंड दाखवू?’

बेबीनंदानं पत्र एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचायची तिची छाती झाली नाही. हौस!... आपल्या काळजाच्या तुकड्याला आपलं प्रेम हौस वाटावं! ती दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. आणि सगळ्यांत भयंकर हे, की त्या पत्रातला एक शब्दही खोटा आहे असं तिला छातीठोकपणे म्हणवेना. खरंच का मी तिच्यासाठी केलं? की माझ्यासाठीच?

दवाखान्यात तिच्या मदतीला असलेली मालनबाई, पन्नाशीची, जुनी सुईण, तिच्याजवळ येऊन बसली. “बाई, त्या आंधळ्या वसंता म्हाताऱ्याचं नाव टाक की. पासष्टीचा हाये, बायकू मरून दहा वर्सं झाली. सरकार देतं ते पैसे घेतो म्हनतो. त्याचं काय जाऊन राह्यलंय? समदेच करतेत.”

समदेच करत होते, हे खरं होतं. शेजारच्या गावच्या बाईनं चार म्हातारे असेच घुसडून दिवाळीपूर्वीच पगार घेतला होता. दुसऱ्या दिवशी वसंता म्हातारा काठी टेकत आलासुद्धा. बेबीनंदानं रजिस्टर उघडलं, लेखणी हातात घेतली. मनात एकच चाललं होतं, तीनशे दहा रुपये... पाच डिसेंबर... म्हातारा चाचपडत तिच्या टेबलापाशी उभा राहिला आणि हसून म्हणाला, “दुखतं का गं लेकी?”

तिच्यानं लिहवलं नाही. तिनं लेखणी खाली ठेवली, म्हाताऱ्याला चहा पाजला आणि घरी लावून दिलं. मालनबाई कपाळावर हात मारत म्हणाली, “मंग बस उपाशी!”

एकोणतीस तारखेला शाळेत कॅम्प लागला. एका वर्गात ऑपरेशनचं टेबल, दुसऱ्या वर्गात सतरंज्या, आणि ओसरीवर रजिस्टर घेऊन बेबीनंदा. शेजारच्या खुर्चीत तालुक्याहून आलेले डॉक्टर. सकाळपासून तिची अकरा माणसं एकामागून एक आली, आत गेली. दुपार टळत आली. बाराव्या ओळीवर आकडा तेवढा लिहिलेला होता. तिनं मनाशी पत्राचा मजकूरही ठरवून टाकला होता... शिवे, मला क्षमा कर, तू घरी ये.

“नाव लिव्हून घ्या.”

ती खाली मान घालूनच म्हणाली, “नाव?”

“कडूबा भुजंग काकडे. राहणार परतूर.”

लेखणी थांबली. समोर धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला स्वच्छ पटका बांधून, काखेत पिशवी धरून तिचा बाप उभा होता! पाच महिन्यांनी दिसला, आणि दिसला तो इथं... तो तिच्याकडे पाहत नव्हता, ओसरीच्या खांबाकडे पाहत होता. गावातला एकूण एक उंबरा तिनं झिजवला होता; आपल्या घरच्या उंबऱ्याचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. लेकीनं बापापुढं हा विषय काढायचा? तिची जीभ झडली असती!

“परतूर? एवढ्या लांबून?” डॉक्टर म्हणाले.

“इकडं कामानं आल्तो.”

“बरं. लिहा सिस्टर, विचारा पुढचं.”

आणि तिला विचारावं लागलं. तो कागदच तसा होता, त्यातला एकही रकाना कोरा ठेवून चालत नव्हता.

“वय?”

“पन्नास. एखांद साल इकडंतिकडं.”

“पत्नीचं... पत्नीचं नाव?”

“चांगुणा.”

“त्यांचं वय?”

“एक्केचाळीस असंल.”

“मुलं... किती?” तिचा आवाज इतका बारीक झाला की डॉक्टरांनीच तो प्रश्न मोठ्यानं पुन्हा विचारला.

“दोन. दोनी पोरी.”

डॉक्टरांनी मान वर केली. “मुलगा नाही? मुलगा नसताना करून घेतोस? बायकोचं वय आहे अजून. मागाहून बोंब मारशील.”

बेबीनंदाच्या डोळ्यांपुढं सगळं घर उभं राहिलं. आत्या सगुणाबाई दर सणाला येऊन भावाला सांगे, दुसरी कर. माय दर चैत्रात पिंपळगावच्या रेणुकाईला जाऊन पदर पसरे; तिचा तो मुलासाठीचा नवस अजून तसाच उभा होता. कडूबा त्यावर कधी बोलला नाही. पण कुणाचं तान्हं पोरगं मांडीवर आलं की तो ते लवकर खाली ठेवत नसे, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

“बोंब मारीत न्हाई साहेब,” कडूबा शांतपणे म्हणाला. “लिव्हा. दोन पोरी. दोनी बी नर्स हायेत.”

दोन्ही नर्स!... बेबीनंदा ताडकन उठली. “साहेब, हे नाव घ्यायचं नाही. मी जरा... मी यांच्याशी बोलते.” आणि बापाच्या दंडाला धरून ती त्याला शाळेच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं पोचेपर्यंत तिनं कसंबसं धरून ठेवलेलं सारं बळ संपलं आणि ती भिंतीला टेकून हुंदके देऊ लागली.

“आबा, परत जा तुम्ही! माझ्यासाठी हे करू नका... तुमच्या पाया पडते!”

“आबा म्हनू नकू म्हनलं व्हतं ना तुला?” तो म्हणाला. पण त्या बोलण्यात आता राग नव्हता.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“शिवीचं पत्र घरी बी आल्तं. शेजारच्या मास्तरानं वाचून दावलं. तुझा पगार काहून थांबला, ते त्यानंच उकलून सांगितलं. बारा लागतेत म्हनं, अन् आज हितं कॅम्प हाये ते बी त्यानंच सांगितलं.”

“तुम्हाला वाटतंय ताकद जाते. जात न्हाई आबा, खरंच सांगते, रेणुकाईची शपथ...”

“जाते. सोनाजीची गेली. तू शिकलेली हाये, तुला पुस्तकात तसं लिव्हलेलं असंल. मी डोळ्यानं बघितलंय.” त्यानं आपले दोन्ही हात पुढं करून पाहिले. “जाऊ दे गेली तर. सव्वीस वर्सं उचललं, लई झालं.”

“मग काहून आले तुम्ही? सगळं माहीत असून काहून?”

पटक्याच्या शेवानं कडूबानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. “तुझ्या मायनं सांगितलं. सत्तरच्या आदल्या साली तुझं बी मोठ्या शिक्षणाचं पत्र आल्तं. पोस्टमननं तिला वाचून दावल्तं, अन् तू तिला कायच बोलली न्हाई, म्हनून ती बी गप राह्यली. मी तापात पडल्तो, त्याच्यापायी तू त्ये सोडलंस. अन् मी तुला त्या दिवशी काय इचारलं?... तुझं काय अडलं!”

“आबा, नका...”

“साऱ्या मोंढ्याला इचार, सव्वीस वर्सांत मी कुनाचं माप मारलं न्हाई. अन् घरातल्या लेकीचं मारलं, अन् मला ठावं बी न्हाई!” आणि तो ताठ कण्याचा, आयुष्यात कुणापुढं न वाकलेला मापाडी शाळेच्या भिंतीला कपाळ लावून लहान मुलासारखा रडू लागला. “एक डाव माप मारलं, बेबी. दुसऱ्या पोरीचं मारू देऊ नकू. लिव्ह माझं नाव.”

तिनं त्याचे पाय धरले. त्यानं तिला उठवलं, स्वतःच्या पटक्याच्या शेवानं तिचे डोळे पुसले. पाच महिन्यांचा अबोला त्या शेवात कुठल्या कुठं विरून गेला. मग दोघं ओसरीवर परत आली. बेबीनंदा खुर्चीत बसली, बाराव्या ओळीवर तिनं बापाचं नाव लिहिलं, आणि त्यानं पुढं होऊन त्या नावासमोर अंगठा उठवला.

चार डिसेंबरला तिचे थकलेले पगार एकदम मिळाले. तारेनं मनीऑर्डर मुंबईला गेली. कॅम्पात मिळालेले पैसेही कडूबानं तिच्या हातावर ठेवले होते, “ह्ये बी धाड पोरीला, वरखर्चाला.” शिवकन्येला लिहिलेल्या पत्रात बेबीनंदानं फक्त एवढंच घातलं, ‘पैसे घरून आबांनी दिले.’

संक्रांतीच्या सुमारास तिला दोन दिवसांची रजा मिळाली. निघायच्या दिवशीच शिवकन्येचं पत्र हातात पडलं, ते तिनं एसटीत बसून वाचलं. ‘अक्का, त्या पत्रात मी जे लिहिलं त्याची मला इतकी लाज वाटते की मी तुझ्यापुढं उभी राहू शकणार नाही. मला माफ कर. आणि एक आनंदाची बातमी, कर्जाचे सहा महिन्यांचे पैसे डिसेंबरात एकदम आले! कॉलेजनं आम्हा कर्जवाल्या सगळ्याच मुलींना पुढं महिनाभर मुदत दिली होती, पण नोटीस उशिरा लागली, मला आधी कळलंच नाही. उगीच तुम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. आबांनी दिलेले पैसे परत पाठवू का?’

उगीच... बेबीनंदानं पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. गाडी जालन्याला कधी पोचली हे तिला कळलं नाही.

परतूरला उतरल्यावर ती घरी न जाता थेट मोंढ्यात गेली. नव्या तुरीचे ढीग पडलेले, गाड्या लागलेल्या. ‘लाभ... दोन... तीन...’ करत कुणी एक तरणा गडी मापं टाकत होता. कडूबा नव्हता. तो भिंतीच्या कडेला, दाभण आणि सुतळी घेऊन, भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवत बसलेला तिला दिसला. त्या कामाला मापाड्याच्या निम्मी मजुरी मिळते हे तिला ठाऊक होतं.

ती कडूबाला काम देणाऱ्या अडत्यासमोर, मालाच्या दलालासमोर, जाऊन उभी राहिली. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. अडत्यानं मान खाली घातली. “बाई, तुम्ही म्हणता ते मला मान्य हाये. कडूबाची ताकद कुठं गेली न्हाई, ते मी बी बघतो. पर माल आणणारे ऐकत न्हाईत. म्हणतेत, कापून घेतलेल्या माणसाच्या मापाला बरकत न्हाई, त्याच्या हातून मोजायचं न्हाई. मी काय करू, तुम्हीच सांगा.”

काय सांगणार होती ती! दोन महिने ती गावोगाव सांगत फिरली होती, काही होत नाही, आठ दिवसांत माणूस कामाला लागतो... शरीराचं खरंच काही झालं नव्हतं.

“बेबी!” कडूबानं तिला पाहिलं होतं. त्याचं तोंड उजळलं. “उन्हात काहून हुबी? इकडं ये, सावलीला बस. कव्हा आली?”

ती त्याच्याजवळ पोत्यावर बसली. तो पुन्हा शिवायला लागला, जरा लपवल्यासारखं हसला. “ह्ये काम बसून करायचं हाये, बरं पडतं आता. तुझ्या मायला म्हनलं व्हतं, बेबीला कळवू नकू. तिनं कळवलं का?”

“न्हाई आबा.”

“शिवी काय म्हनती? फी भरली ना बराबर?”

“भरली. वेळेवर भरली.”

“अन् त्यो सरकारचा पैसा? कर्जाचा? आला का त्यो?”

दाभण हातातच थांबलं होतं. तो तिच्याकडे पाहत होता, सव्वीस वर्षं धान्यावरून न हललेली ती स्वच्छ नजर तिच्या तोंडावर लावून. पिशवीत पत्र होतं. बेबीनंदानं पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली.

“न्हाई, आबा,” ती म्हणाली. “अजून न्हाई आला. तुमच्याच पैशावर शिकून राह्यली ती.”

“मंग बरं झालं,” कडूबा म्हणाला, “येळंवर आल्तो ते.” आणि त्यानं पुढचं पोतं आपल्याकडे ओढलं.